मंदावणाऱ्या प्रकाशाची भाषा : रसायने ओळखणारी अनुस्फुरक पॉलिमर

विमानतळावरील सुरक्षातपासणीत कापडाची एक लहान पट्टी बॅगेच्या मुठीवरून किंवा तळहातावरून फिरवून यंत्रात सरकवली जाते, हे दृश्य परदेशस्थ वाचकांच्या चांगले परिचयाचे आहे. त्या यंत्रात बहुतेक ठिकाणी पट्टीवरील अंश तापवून त्यांचे आयन केले जातात आणि विद्युतक्षेत्रातून ते किती वेगाने सरकतात यावरून पदार्थाची ओळख पटवली जाते. त्याच कामासाठी गेल्या तीन दशकांत एक निराळा मार्ग विकसित झाला आहे. काचेवर पॉलिमरचा अतिशय पातळ थर द्यायचा, त्यावर जांभळा किंवा अतिनील प्रकाश टाकायचा आणि तो थर किती तेजाने चमकतो यावर नजर ठेवायची. स्फोटकाच्या बाष्पाचे मोजके रेणू येऊन बसले की ती चमक मंदावते. एवढेच त्याचे तत्त्व. परंतु मोजक्या रेणूंनी एवढा मोठा परिणाम घडवावा यासाठी पॉलिमरची रचना कशी करावी लागते, आणि मंदावलेल्या प्रकाशावर कितपत विश्वास ठेवावा, हे प्रश्न वाटतात तेवढे सोपे नाहीत.

काही पदार्थ एका रंगाचा प्रकाश शोषतात आणि क्षणार्धात अधिक लांब तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकतात. या गुणधर्माला मराठीत अनुस्फुरण आणि इंग्रजीत फ्लुओरेसन्स म्हणतात. केंब्रिजचे जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये क्विनाइनच्या द्रावणावर प्रयोग करून या घटनेचा उलगडा केला आणि फ्लुओरस्पार या खनिजावरून तिला हे नाव दिले. पार्टीतील अतिनील दिव्याखाली टॉनिक वॉटरचा पेला निळा दिसतो तो याच क्विनाइनमुळे. प्रकाश शोषलेला रेणू उत्तेजित अवस्थेत साधारणतः काही नॅनोसेकंद राहतो. तेवढ्या अवधीत एखादा दुसरा रेणू येऊन त्याची ऊर्जा किंवा त्याचा इलेक्ट्रॉन पळवून नेऊ शकला, तर प्रकाश बाहेर पडतच नाही. याला शमन म्हणतात. शमनाचा गणिती नियम ऑटो स्टर्न आणि माक्स फोल्मर यांनी १९१९ मध्ये मांडला आणि आजही या क्षेत्रातील जवळजवळ प्रत्येक शोधनिबंधात त्यांच्या नावाचा आलेख असतो.

आता अडचण पाहू. साध्या अनुस्फुरक रंगद्रव्यात प्रत्येक रेणू स्वतंत्र असतो. एक लाख रेणू चमकत असताना शोधायच्या पदार्थाचे दहा रेणू आले, तर फार तर दहा दिवे विझतील आणि बाकीचे नव्व्याण्णव हजार नऊशे नव्वद तसेच तेवत राहतील. हा फरक कोणत्याही यंत्राला दिव्याच्या नेहमीच्या चढउतारातून वेगळा काढता येणार नाही. रंगद्रव्य अधिक तेजस्वी केले तरी प्रश्न सुटत नाही, कारण तेज वाढले की पार्श्वभूमीही तितकीच वाढते.

हजार खिडक्यांपुढे एक तार

उत्तर पॉलिमरमध्ये सापडले, पण कोणत्याही पॉलिमरमध्ये नव्हे. ज्या साखळीत एकेरी आणि दुहेरी किंवा तिहेरी बंध एकाआड एक येतात, तिला संयुग्मित पॉलिमर म्हणतात. अशा साखळीत इलेक्ट्रॉन एका अणूपाशी बांधलेले नसतात आणि त्यामुळे प्लास्टिकसारखा दिसणारा पदार्थ अर्धवाहकासारखा वागू लागतो. वाहक पॉलिमरच्या शोधासाठी ॲलन हीगर, ॲलन मॅकडायर्मिड आणि हिदेकी शिराकावा यांना २००० चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्या साऱ्या कथेत भर होता विजेच्या वहनावर. संवेदकांच्या कथेत मात्र वाहते ती प्रकाशाने जागी केलेली ऊर्जा. तिच्या पुडक्याला एक्सायटॉन म्हणतात.

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीशी ज्यांचे नाव आज जोडलेले आहे त्या टिमोथी स्वेगर यांनी १९९५ मध्ये आपल्या सहकाऱ्यासह दाखवले ते असे. पॉलि फेनिलीन एथायनिलीन या पॉलिमरच्या प्रत्येक कडीवर त्यांनी कड्यासारखा एक ग्राहक बसवला, ज्यात पॅराक्वाटचा रेणू अडकू शकतो. पॅराक्वाट म्हणजे आपल्याकडे शेतकऱ्यांना ठाऊक असलेले, पोटात गेल्यास ज्यावर उतारा नाही असे तणनाशक. रसायनशास्त्रज्ञांसाठी मात्र ते इलेक्ट्रॉन ओढून घेणारा एक सोयीचा रेणू आहे. तोच ग्राहक असलेल्या सुट्या रेणूच्या तुलनेत पॉलिमरची चमक सुमारे पासष्टपट अधिक संवेदनशीलतेने मंदावली. ग्राहकाची पकड तीच होती. बदलले होते ते इतकेच की आता सारे ग्राहक एकाच तारेवर ओवले गेले होते. एक्सायटॉन त्या तारेवरून इकडेतिकडे भटकतो, वाटेत अनेक ग्राहकांना भेट देतो आणि त्यांपैकी एकातही पाहुणा बसलेला असेल तर तेथेच संपतो.

गणपतीच्या आरासीतील जुन्या माळांशी याची तुलना नेहमी केली जाते: एक दिवा गेला की पूर्ण माळ अंधारात. तुलना समजायला सोपी आहे, पण एका बाबतीत ती फसवी आहे. माळेत प्रवाह तुटल्याने अंधार होतो. पॉलिमरमध्ये काहीच तुटत नाही. भटकणारी ऊर्जा खड्ड्यात पडावी तशी एका जागी गडप होते. म्हणूनच साखळी अनंत लांब करून फायदा अनंत वाढत नाही. एक्सायटॉनचे आयुष्य एका नॅनोसेकंदाहूनही कमी असते आणि तेवढ्यात तो जेवढे अंतर कापू शकेल तेवढीच साखळी त्याच्या कामाची. त्यापलीकडच्या कड्या त्याच्यासाठी परगाव.

हे पॉलिमर बनवण्यासाठी वापरली जाते ती पॅलॅडियम उत्प्रेरकाची, जपानी शास्त्रज्ञ केनकिची सोनोगाशिरा यांनी १९७५ मध्ये दिलेली जोडणी. कागदावर ती सरळ दिसते. प्रत्यक्षात दर काही कड्यांमागे एखादी जोडणी चुकते, उत्प्रेरकाचे कण मागे राहतात आणि यांपैकी प्रत्येक दोष एक्सायटॉनसाठी आयता सापळा ठरतो. ज्या गुणामुळे संवेदक एका रेणूची दखल घेतो, त्याच गुणामुळे तो स्वतःच्या प्रत्येक खोटीचीही दखल घेतो. वर्धन विवेकी नसते. या क्षेत्रातील प्रयोगशाळांचा बराच वेळ नव्या कल्पनांपेक्षा शुद्धीकरणात जातो, त्याचे कारण हेच.

साखळ्यांमधील मोकळी जागा

द्रावणात यशस्वी झालेला संवेदक हवेत उपयोगी पडेलच असे नाही. हवेतील बाष्प पकडायचे तर पॉलिमरचा घन थर हवा, आणि घन थरात या सपाट, ताठ साखळ्या पत्त्यांच्या गड्डीसारख्या एकमेकींवर चढतात. तसे झाले की दोन तोटे होतात. साखळ्या एकमेकींचीच चमक विझवतात, आणि बाहेरून आलेल्या रेणूला आत शिरायला फटच उरत नाही.

१९९८ मध्ये स्वेगर आणि यांग यांनी यावर काढलेला तोडगा रसायनशास्त्रापेक्षा वास्तुरचनेच्या जवळ जाणारा आहे. १९४२ मध्ये पॉल बार्टलेट यांनी ट्रिप्टिसीन नावाचा रेणू तयार केला होता. त्यात बेंझीनची तीन वलये एकाच कण्याला तीन दिशांना जोडलेली असतात, आणि तीन फळ्यांच्या प्राचीन ग्रंथावरून त्याला हे नाव पडले. अशी दोन रचना सामावणारा पेंटिप्टिसीन हा जाडजूड, न वाकणारा घटक स्वेगर आणि यांग यांनी साखळीच्या कण्यातच बसवला. आता साखळ्या जवळ येऊ पाहिल्या तरी ही पाती आड येतात आणि थरात कायमच्या पोकळ्या राहतात. टीएनटीसारखा चपटा रेणू त्या पोकळ्यांत सहज शिरतो आणि इलेक्ट्रॉनांनी समृद्ध अशा कण्याला चिकटतो. अडीच नॅनोमीटर जाडीच्या थराची चमक टीएनटीच्या बाष्पात अर्ध्या मिनिटात निम्म्यावर आली. खोलीच्या तापमानाला टीएनटीचे बाष्प हवेच्या अब्ज रेणूंमागे जेमतेम काही रेणू एवढेच असते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे मोल कळते.

थर जाड केला तर चमक वाढते, पण बाष्पाला तळापर्यंत पोहोचायला वेळ लागतो आणि पृष्ठभागावरील शमन तळातील उजेडात झाकले जाते. पोकळ्या मोठ्या केल्या तर बाष्प लवकर शिरते, पण साखळ्या दूर गेल्याने एक्सायटॉनला एकीवरून दुसरीवर उडी मारणे जड जाते. संवेदक रचणाऱ्याला या दोन्ही दोऱ्या एकाच वेळी ताणून धराव्या लागतात. उत्तम थर म्हणजे कोणत्याच एका गुणात पहिला न आलेला थर.

टीएनटीच का सापडतो, याचे उत्तर त्याच्या तीन नायट्रो गटांत आहे. ते वलयातील इलेक्ट्रॉन बाहेर ओढतात आणि रेणूला इलेक्ट्रॉनांची भूक लागते. पॉलिमरमधील उत्तेजित इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर असतो. टीएनटीतील रिकामी पातळी त्याहून खाली असते. इलेक्ट्रॉन खाली उतरतो, प्रकाश बाहेर पडत नाही. टीएनटी निघून गेला की थर पुन्हा पूर्ववत चमकू लागतो.

या शोधामागे अमेरिकी संरक्षण खात्याच्या डार्पा या संस्थेचे पाठबळ होते. भूसुरुंग शोधण्यासाठी तिने हाती घेतलेल्या कार्यक्रमाचे नावच ‘कुत्र्याचे नाक’ असे होते. ओक्लाहोमा राज्यातील स्टिलवॉटर येथील नोमॅडिक्स या कंपनीने स्वेगर यांच्या पॉलिमरवर आधारित उपकरण बनवले आणि त्याला कुत्र्याचे म्हणून अमेरिकेत प्रचलित असलेले फिडो हे नाव दिले. काचेच्या बारीक नळीला आतून पॉलिमरचा लेप, तीतून ओढलेली हवा, एका बाजूने प्रकाश आणि दुसरीकडे त्याची मोजणी, अशी त्याची साधी मांडणी. पुढे इराकमध्ये अमेरिकी सैन्याच्या यंत्रमानवांवर ही उपकरणे बसवली गेली.

सुरुंगांच्या बाबतीत मात्र जमीन आडवी येते. आधुनिक सुरुंगांत धातू नाममात्र असतो, म्हणून धातुशोधक अपुरा पडतो आणि वासाचा माग महत्त्वाचा ठरतो. पण सुरुंगातून झिरपणारा अंश मातीला चिकटून राहतो, कोरड्या मातीत तर विशेषच, आणि पाण्याबरोबर आजूबाजूला पसरतो. त्यामुळे उपकरण ‘येथे जवळपास काहीतरी आहे’ एवढे सांगू शकते. ‘नेमके येथे’ हे सांगणे अवघड असते. शिवाय मातीवर प्रत्यक्षात अधिक सापडते ते टीएनटी नव्हे, तर त्यात अशुद्धी म्हणून असलेले आणि अधिक सहज उडणारे डीएनटी. सुदैवाने पॉलिमरला दोन्हींचा माग लागतो. टांझानियात प्रशिक्षित केलेले आफ्रिकी उंदीर आजही हे काम करतात, आणि त्यांपैकी मगावा नावाच्या एकाला २०२० मध्ये ब्रिटिश पशुसेवा संस्थेचे सुवर्णपदक मिळाले, यावरून नैसर्गिक नाकाची बरोबरी किती कठीण आहे हे लक्षात यावे.

आरडीएक्सचा प्रश्न

मुंबईच्या वाचकाला आरडीएक्स हा शब्द १२ मार्च १९९३ पासून विसरता येत नाही. टीएनटीसाठी रचलेले पॉलिमर या स्फोटकापुढे जवळजवळ आंधळे ठरते. कारणे दोन आहेत. आरडीएक्सचे बाष्प टीएनटीच्या साधारण हजाराव्या हिश्श्याइतके असते, त्यामुळे हवा हुंगून भागत नाही. पृष्ठभाग पुसून तो अंश तापवावा लागतो. दुसरे कारण अधिक मूलभूत आहे. आरडीएक्समध्ये सपाट बेंझीन वलय नाही. तो पॉलिमरच्या कण्याला नीट चिकटत नाही आणि त्याला इलेक्ट्रॉनची भूकही तितकी नाही. पीईटीएन या दुसऱ्या स्फोटकाचेही असेच आहे.

२००७ मध्ये स्वेगर यांच्या गटाने यासाठी विचाराची दिशाच उलटी केली. त्यांनी असा रेणू रचला की जो आधी निस्तेज असतो आणि प्रकाशाच्या साहाय्याने आरडीएक्स किंवा पीईटीएनशी त्याची अभिक्रिया झाली की चमकू लागतो. हा रेणू पॉलिमर नव्हे, तरी त्यातील धडा पॉलिमर रचणाऱ्यांनी उचलला. अंधारात एक दिवा लागलेला दिसणे, हजार दिव्यांतील एक विझलेला दिसण्यापेक्षा केव्हाही सोपे. विझण्यावर आधारलेल्या संवेदकाची ही जन्मजात दुबळी बाजू आहे: दिवा जुना झाला, थर प्रकाशाने झिजला, प्राणवायूने साखळी खाल्ली, तरी चमक कमीच होते. उपकरणाला खरा इशारा आणि स्वतःचे वार्धक्य यांत भेद करता यावा म्हणून बदलाचा वेग पाहावा लागतो आणि शेजारी तुलनेसाठी दुसरा थर ठेवावा लागतो.

संवेदनशीलता वाढवण्याचा आणखी एक देखणा मार्ग २००५ मध्ये नेचर या नियतकालिकात आला. एमआयटीतील स्वेगर आणि व्लादिमीर बुलोविच यांच्या गटांनी पॉलिमरचा थर लेसर म्हणून चालवला. लेसर सुरू होण्यासाठी एक उंबरठा ओलांडावा लागतो आणि उंबरठ्यापाशी थोडेसे शमनही त्याला बंद पाडते. त्यामुळे संवेदनशीलता तीसपटींहून अधिक वाढली. कल्पना म्हणून हे काम अजोड आहे.

पिवळ्या द्रावणाची फसगत

या विषयावर दरवर्षी निघणाऱ्या निबंधांत पिक्रिक आम्लाचे संवेदक फार मोठ्या संख्येने असतात. पिक्रिक आम्ल हे टीएनटीचेच भावंड, स्फोटकही आणि जलप्रदूषकही. पुण्याच्या आयसरमधील सुजित घोष यांच्या गटाने २०१३ मध्ये कॅडमियमयुक्त सच्छिद्र जालकाच्या भिंतींवर नायट्रोजनची आम्लारिधर्मी स्थाने मोकळी ठेवली. आम्लधर्मी पिक्रिक रेणू तेथे ओढला जातो आणि टीएनटीसारखे आम्लधर्म नसलेले भावंड मागे राहते. धातू आणि सेंद्रिय दुवे यांनी बांधलेले हे जालक म्हणजे पॉलिमरचीच एक विस्तारित शाखा. केवळ इलेक्ट्रॉनांच्या भुकेवर विसंबण्याऐवजी आम्ल व आम्लारी यांच्या ओढीचा वापर करणे, ही निवडक्षमतेची स्पष्ट कल्पना आहे.

परंतु या रेणूबाबत एक सापळा सर्वांसाठीच असतो. पिक्रिक आम्ल पिवळे आहे, म्हणजेच जांभळा आणि निळा प्रकाश ते स्वतःच शोषते. द्रावणात ते पुरेसे मिसळले की अनुस्फुरकापर्यंत प्रकाश पोहोचतच नाही आणि चमक मंदावते. येथे कोणी कोणाला शोधलेले नसते. खिडकीवर फक्त पिवळा पडदा ओढलेला असतो. हे ओळखण्याचा उपाय आहे. शोषलेल्या प्रकाशाचा हिशेब करून चमकेचे आकडे दुरुस्त करायचे आणि त्याबरोबर उत्तेजित अवस्थेचे आयुष्य मोजायचे. पडद्यामुळे आयुष्य बदलत नाही. धडकेने होणाऱ्या शमनात ते घटते. ज्या निबंधात ही दोन्ही मोजमापे नाहीत, त्यातील संवेदनशीलतेचा आकडा कितीही आकर्षक असला तरी तो बाजूला ठेवावा, असे मला वाटते. औषधनिर्मिती किंवा पर्यावरणचाचणीच्या क्षेत्रात काम करणाऱ्या आणि एखादे तंत्रज्ञान विकत घ्यावे की नाही याचा सल्ला देणाऱ्या वाचकांनी तर पहिला प्रश्न हाच विचारावा.

पाण्याचा प्रश्नही असाच झाकलेला राहतो. फ्लोराइडचे उदाहरण घेऊ. २००३ मध्ये स्वेगर यांच्या गटाने असे पॉलिमर प्रसिद्ध केले की फ्लोराइडने त्यावरील सिलिकॉनयुक्त झाकण काढले की चमकणारे नवे वलय तयार होते, आणि साऱ्या साखळीची ऊर्जा त्या वलयात गोळा होते. सुट्या रेणूच्या तुलनेत संवेदनशीलता शंभरपट. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील अनेक गावांत विहिरी आणि बोअरच्या पाण्यातील फ्लोराइडने दात आणि हाडे खराब होतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोत नसेल तरच १.५ पर्यंत चालावे. मग हे पॉलिमर त्या विहिरीवर का नाही? कारण हा प्रयोग सेंद्रिय द्रावकातला आहे. पाण्यात फ्लोराइडभोवती पाण्याच्या रेणूंचे घट्ट कडे असते आणि झाकण काढण्याची त्याची ताकद उरत नाही. गावातील चाचणी आजही झिर्कोनियम आणि रंगद्रव्याच्या संयुगाचा रंग फ्लोराइडने फिका पडण्यावर, किंवा प्रयोगशाळेतील विद्युतअग्रावर चालते, आणि ती स्वस्त आहे. पॉलिमरच्या कडेला विद्युतभारित शाखा लावून त्याला पाण्यात विरघळवता येते. पण तसे केले की ते पाण्यातील क्षार, प्रथिने, मातीचे कण यांनाही चिकटू लागते.

साखळ्यांनी एकत्र येऊन चमक गमावण्याच्या अडचणीला २००१ मध्ये हाँगकाँगच्या बेन झोंग तांग यांच्या गटाने वेगळेच वळण दिले. त्यांना असे रेणू मिळाले की जे द्रावणात अंधारे असतात आणि गोळा झाल्यावर चमकतात. द्रावणात त्यांची वलये पात्यांसारखी फिरत राहतात आणि ऊर्जा त्या फिरण्यातच खर्ची पडते. दाटीत ती अडकली की ऊर्जेला प्रकाशाखेरीज वाट उरत नाही. असे घटक पॉलिमरमध्ये ओवून आता पाण्यातही चमकणारे संवेदक केले जातात.

एका पदार्थासाठी एकच अचूक कुलूप घडवण्याचा हट्ट सोडून देणारी एक विचारधाराही आहे. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील व्हिन्सेंट रोटेलो आणि तेव्हा जॉर्जियात असलेले उवे बुन्झ यांच्या गटांनी २००७ मध्ये सहा प्रकारचे सोन्याचे नॅनोकण घेतले आणि त्यांवर अनुस्फुरक पॉलिमर बसवून त्याची चमक विझवली. प्रथिन आले की ते पॉलिमरला ढकलून बाजूला करते आणि चमक परत येते, पण सहा ठिकाणी सहा वेगवेगळ्या प्रमाणात. कोणताही एक कण कोणत्याही प्रथिनाला नेमके ओळखत नाही. ओळख पटते ती सहा आकड्यांच्या एकत्रित नक्षीवरून, जशी आपल्या नाकाला फोडणीतील हिंग आणि मोहरी वेगवेगळी मोजता न येताही फोडणी ओळखता येते. बावन्न अज्ञात नमुन्यांपैकी एकोणपन्नास त्यांनी बरोबर सांगितले. उरलेल्या तिघांसाठी, आणि ज्या पदार्थाची नक्षी यंत्राला आधी कधी शिकवलीच नाही त्याच्यासाठी, नमुना अजूनही मास स्पेक्ट्रोमीटरकडेच पाठवावा लागतो.